ॲम्बॅसडर काय म्हणत होते

मी स्पीच थेरपिस्ट आहे असं कळलं की मंडळाच्या गणपतीत हमखास कुणीतरी विचारतं, "म्हणजे तोतरी मुलं वगैरे का?" पूर्वी मी समजावून सांगत असे. आता "हो, वगैरेच" म्हणते आणि मोदकांचं ताट पुढे करते. यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी आग्रह धरला की नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा, आणि मी हो म्हणून बसले. गमतीचे आहेत थोडे. पण लिहायला घेतलं की एकच माणूस समोर येऊन बसतो, आणि त्याच्या गोष्टीत गंमत नाही. नावं बदलली आहेत. रुग्णालयाचं नाव देत नाही. चूक माझी होती, ती मात्र आहे तशीच लिहिते.

आधी काम काय ते सांगते. डब्लिनच्या उत्तरेला एका रुग्णालयाच्या स्ट्रोक वॉर्डवर मी सोळा वर्षं होते. मेंदूत गुठळी अडकते किंवा रक्तस्राव होतो, आपण ज्याला पॅरालिसिसचा झटका म्हणतो, तो आलेली माणसं आमच्याकडे येतात. त्यांचं बोलणं गेलेलं असतं, तसंच गिळणंही. लोकांना बोलण्याचं कौतुक, पण माझा निम्मा दिवस गिळण्यातच जायचा. गिळता येत नसलेल्या माणसाला साधं पाणी दिलं तर ते फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. म्हणून आम्ही पाण्यात पावडर घालून ते घट्ट करतो, पेजेसारखं. ते घशाखाली उतरतं, पण तहान भागत नाही. मी स्वतः पिऊन पाहिलंय. दुसरा घोट घेववत नाही.

बोलणं जातं म्हणजे अक्कल जात नाही. हे मला रोज कुणा ना कुणा नातेवाइकाला सांगावं लागे. माणसाला सगळं कळत असतं, शब्द तेवढा हाताला लागत नाही. काहींचा एकच शब्द उरतो. शेजारच्या मीथ परगण्यातले एक शेतकरी होते, त्यांना फक्त शिव्या आणि प्रार्थना येत. पाठ असलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या जागी राहतात, म्हणून असं होतं. फादर भेटायला आले की हे अख्खी प्रार्थना खणखणीत म्हणत आणि 'आमेन' झालं की लगेच फादरना एक शिवी हासडत. फादर म्हणायचे, "प्रगती आहे." दुसरे एक आजोबा सगळ्यांना आपल्या कुत्र्याच्या नावानं हाक मारायचे, बायकोलासुद्धा. ती बाई म्हणाली, "इट्स ग्रँड, चालायचंच. कुत्र्यावर त्यांचा फार जीव आहे."

अशा वॉर्डवर एका ऑक्टोबरात ॲम्बॅसडर आले.

मॉरा आमची वॉर्डची मुख्य नर्स. तिनं सकाळी यादी वाचताना सांगितलं, "युअर मॅन इन बेड फोर, तो नायजेरियाचा राजदूत होता म्हणे. त्याआधी मंत्री. तेव्हा मेधा, जरा केस नीट करून जा." मी गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच माणूस, उजवी बाजू लुळी, तोंड एका अंगाला ओढलेलं. पण बसणं असं, की आपणच त्यांच्या कचेरीत भेटीला आलोय. मी नाव सांगितलं. त्यांनी डावा हात पुढे केला, मान किंचित झुकवली आणि म्हणाले, "इन प्रिन्सिपल."

तोच त्यांचा उरलेला शब्द. आपले मंत्री 'तत्त्वतः मान्य' म्हणतात ना, तोच. डोकं दुखतंय का? इन प्रिन्सिपल. खिडकी उघडू? इन प्रिन्सिपल. आणि प्रत्येक वेळी सूर वेगळा. कधी आर्जव, कधी संताप, कधी चक्क विनोद. सगळा वॉर्ड तो शब्द वापरायला लागला. मॉरा चहाला येतेस का विचारायची आणि मी म्हणायचे, इन प्रिन्सिपल. आज आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा आम्ही हसायचो, आणि तेही हसायचे.

त्यांची मुलगी इफेओमा जवळच्या ड्रोहेडा शहरात राहते. ती डॉक्टर आहे, लहान मुलांची. आई वारल्यावर तिनं वडलांना इकडे आणलं, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमच्या कामात रुग्णाचं आयुष्य माहीत असावं लागतं. फोटो दाखवून, नावं घेऊन शब्द जागे करायचे असतात. म्हणून मी तिच्याकडे जुने फोटो मागितले. तिनं एक जाडजूड अल्बम आणला आणि दोन दुपारी खाटेशेजारी बसून त्यांची हकिगत सांगितली. ते ऐकत होते. मधेच बोट उचलून तिला दुरुस्त करायचे. म्हणजे प्रयत्न करायचे.

पूर्व नायजेरियातलं खेडं. गावच्या शाळेत आयरिश फादर शिकवायचे. त्यामुळे ॲम्बॅसडरांच्या इंग्रजीला आयुष्यभर थोडा आयर्लंडच्या कॉर्ककडचा हेल राहिला, असं ती हसत म्हणाली. ते विशीत असताना देशात यादवी युद्ध पेटलं. त्यांच्या इग्बो लोकांचा मुलूख वेढला गेला, उपासमार झाली. धाकटा भाऊ भुकेनं गेला. त्याला घराच्या अंगणात पुरलं. तिकडे तशी रीतच आहे, आपलं माणूस आपल्या आवारात. युद्ध हरले. नंतर ते वकील झाले, निवडून आले, राज्याचे शिक्षणमंत्री झाले. लष्करानं सत्ता घेतली तेव्हा दीड वर्ष कैदेत काढलं. सुटल्यावर ज्यांनी कैदेत टाकलं त्यांच्याच पुढच्या पिढीनं राजदूत म्हणून पाठवलं, एका नव्हे, दोन देशांत.

"आमच्या जेवणाच्या टेबलावर फक्त इंग्रजी," इफेओमा म्हणाली. "डॅडींचा नियमच होता. हरलेल्या बाजूच्या माणसानं वर चढायचं तर आपली भाषा दाराबाहेर ठेवायची. आम्ही भावंडं एम्बसीत वाढलो. इंग्रजी, फ्रेंच. इग्बो मला येत नाही म्हटलं तरी चालेल."

मी विचारलं, "ते घरी कधी इग्बो बोलतात का? म्हणजे थेरपीत मदत होईल."

"नाही. इंग्रजीच. त्यांचं इंग्रजी तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं होतं, मेधा."

मी फॉर्मवर लिहिलं: भाषा – इंग्रजी. दुभाष्याची गरज – नाही.

एक ओळ. पुढचा सगळा जाबजबाब त्या ओळीपासून सुरू होतो. स्ट्रोकनंतर दोन भाषांपैकी एखादी जास्त बुडते आणि एखादी तगते, हे मी मुंबईत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकले होते. नंतर शिकलेली, रोज वापरलेली भाषा बुडून लहानपणची वर राहिलेली उदाहरणं पुस्तकात होती. पण समोर राजदूत होता. इतक्या मोठ्या माणसाला थेट 'खेड्यातली भाषा बोलता का' असं विचारणं मला कमीपणाचं वाटलं. त्याला नव्हे, मला.

मग मी माझी नेहमीची पद्धत सुरू केली. खाटेच्या वर मोठ्या अक्षरांत पाटी लावली: 'कृपया साध्या इंग्रजीत बोला. एका वेळी एकच वाक्य.' पाटी माझीच, अक्षरही माझंच. चित्रांची कार्डं, हो-नाहीचे प्रश्न. आणि ते जे बोलतील त्याची नोंद. आम्ही अर्थ लागत नसला तरी आवाज जसाच्या तसा ध्वनिलिपीत उतरवतो, कुठला स्वर, कुठलं व्यंजन, आवाज चढला की उतरला. पुढे एक रकाना असतो, त्यात त्या आवाजाचा प्रकार लिहायचा. मी लिहीत गेले: अर्थहीन ध्वनी, अर्थहीन ध्वनी, अर्थहीन ध्वनी.

त्यातला एक आवाज मला पाठ झाला होता. ते खिडकीकडे बघत सावकाश म्हणायचे, "का मला." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकलेच. मराठी! मला का? माझ्याच वाट्याला का? संध्याकाळी ॲडम्सटाउनला घरी येऊन जेवताना मी सांगितलं, "आज आमचे ॲम्बॅसडर मराठी बोलले." नवरा हसला. मुलगी म्हणाली, "व्हॉट डझ इट मीन, आई?" दुसरा एक आवाज होता 'मिरी' असा, सुरुवातीचा म लांबवलेला. तो दिवसातून दहा-दहा वेळा. मी दोन्ही इमानदारीत उतरवले. पुढे रकाना भरला.

सहाव्या आठवड्यापर्यंत गिळणं सुधारलं नाही. घट्ट पाणीही फुप्फुसात जायला लागलं म्हणून तोंडानं सगळं बंद केलं, नाकातून नळी घातली. ती त्यांनी डाव्या हातानं उपटली. पुन्हा घातली, पुन्हा उपटली. तिसऱ्यांदा उपटल्यावर त्यांच्या हाताला जाड कापडी मोजा बांधला, मुष्टियोद्ध्याचा असतो तसा. देशाच्या वतीनं करारांवर सह्या केलेला हात. ते त्या मोज्याकडे बघत बसायचे. मला बघितलं की हात वर करायचे आणि म्हणायचे, "इन प्रिन्सिपल?" त्या वेळचा सूर प्रश्नाचा होता हे मला कळत होतं. उत्तर मी दिलं नाही.

मग मीटिंग झाली. मोठे डॉक्टर, मॉरा, इफेओमा आणि मी. प्रश्न असा होता, की पोटातून कायमची नळी घालून त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवायचं, की नळी न घालता जेवढे दिवस मिळतील तेवढे सुखानं काढू द्यायचे. इथला कायदा सांगतो की माणसाला बोलता येत नसलं तरी त्याची इच्छा काय ते शोधलं पाहिजे, आणि त्यासाठी लागेल ती मदत दिली पाहिजे. ती मदत म्हणजे मी.

डॉक्टरांनी विचारलं, "मेधा, त्यांची हो-नाहीची उत्तरं भरवशाची आहेत का?"

मी कागद बघून सांगितलं, "नाही. निम्मी बरोबर, निम्मी चूक. म्हणजे नाणं उडवून मिळतील तितकीच. ते आपली इच्छा सांगू शकत नाहीत."

इफेओमा टेबलाकडे बघत होती. मग म्हणाली, "मग नळी घालू या." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, किती धीराची मुलगी. नळी घातली गेली.

दहा-बारा दिवसांनी मी त्यांची केस बंद करायला गेले. नर्सिंग होमला जागा मिळत होती, शेवटचा रिपोर्ट लिहायचा होता. दुपारचे तीन वाजले असतील. शेजारच्या खाटेवर नेका चादर बदलत होती. नेका आमची केअर असिस्टंट, नायजेरियाचीच, पाच वर्षं वॉर्डवर. अबोल बाई. ॲम्बॅसडर माझ्याकडे बघून म्हणाले, "मिरी."

पडद्यापलीकडून नेका सहज, चादर झटकता झटकता म्हणाली, "पाणी मागतायत."

मी म्हटलं, "काय?"

"पाणी. म्मिरी म्हणजे पाणी." ती पडदा सारून पुढे आली. "आल्यापासून मागतायत."

"तुला कळतं ते काय बोलतात ते?"

"थोडं थोडं. सगळं नाही. माझं गाव त्यांच्या गावापासून फार लांब नाही."

"नेका, मग तू बोलली का नाहीस? मला का नाही सांगितलंस?"

तिनं खाटेच्या वर बोट दाखवलं. पाटीकडे. "साध्या इंग्रजीत बोला," ती म्हणाली. "मला वाटलं ट्रीटमेंट आहे. इग्बो ऐकलं तर इंग्रजी यायला वेळ लागेल, असं काही असेल. तुम्ही शिकलेल्या. पाटी लागली त्याच दिवशी त्यांनी मला हात केला होता. मी तोंड फिरवून गेले, मेधा. त्यांच्या वयाच्या माणसाला नमस्कार न करता."

मी तिला म्हटलं, आत्ता बोल. मॉराला मी सांगेन. ती खाटेशी गेली, गुडघे वाकवून खाली झाली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग मोजा बांधलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. त्या माणसाचा चेहरा मी आठ आठवडे रोज बघत होते. तो चेहरा मला अजिबात माहीत नव्हता असं तेव्हा कळलं.

मी तिला माझे हो-नाहीचे प्रश्न सांगितले, तिनं ते विचारले. तुमचं नाव अमुक का? तुम्ही बाई आहात का? ही शाळा आहे का? हो म्हणजे 'ए', नाही म्हणजे 'म्बा'. एकही उत्तर चुकलं नाही. 'तुम्ही बाई आहात का' ला त्यांनी 'म्बा' म्हटलं आणि आमच्याकडे असं बघितलं, की नेका हसली आणि हसता हसता रडायला लागली.

त्यानंतर मी फाइल घेतली आणि नेकाला नातेवाइकांच्या खोलीत नेलं. तिला ध्वनिलिपी येत नाही, मला इग्बो येत नाही. मी एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले, आवाज चढवून, उतरवून, जसं लिहिलं होतं तसं. त्यात मी हुशार आहे. ऐकलेला आवाज मी हुबेहूब काढते; कॉलेजात त्यासाठी बक्षीस मिळालं होतं. बऱ्याच ओळींना नेका मान हलवायची, "हे काही नाही, नुसताच आवाज." पण मधेच तिचा हात वर यायचा. "पुन्हा वाच." मी वाचायचे. "पाणी." "पुन्हा वाच. माझा भाऊ." "हे, माझा हात सोडा."

मग मी वाचलं, "का मला."

"का म् ला," ती म्हणाली. "मला घरी जाऊ द्या."

मी पानं उलटली. तारखा बघितल्या. पहिला 'का मला' चौथ्या दिवशीचा होता. त्यानंतर जवळजवळ रोज. प्रत्येकाच्या पुढे माझ्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: अर्थहीन ध्वनी.

पुढचं मी भरभर सांगते, कारण तेव्हा मात्र काहीच भरभर झालं नाही. नेकाला अधिकृत दुभाषी म्हणून चालणार नव्हतं; नियम तसा आहे आणि बरोबरही आहे. फोनवरचा दुभाषी मिळायला नऊ दिवस लागले. मी माझ्या हातानं डॉक्टरांना लिहून दिलं की माझा आधीचा अहवाल चुकीच्या भाषेत केलेल्या तपासणीवर होता, तो धरू नये. डॉक्टरांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, "त्यांना कुणीच विचारलं नाही." माझी समजूत काढायला म्हणाले. विचारणं हेच माझं काम होतं.

नवव्या दिवशी इफेओमाच्या समोर फोनवरून प्रश्न विचारले गेले. नळी हवी का? म्बा. नळी काढली तर आयुष्य थोडं उरेल, हे समजतंय का? ए. इथं राहायचं? म्बा. घरी, गावाला? त्यांनी 'ए' म्हटलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. दुभाषी फोनवर विचारत राहिला, "हॅलो? काय म्हणाले? मला ऐकू आलं नाही." इफेओमानं उत्तर दिलं, "ते हो म्हणाले."

तिनं लागोलाग तयारी सुरू केली. विमानात सोबत नर्स हवी, ऑक्सिजन हवा, डॉक्टरांचा दाखला हवा. दाखला देण्याच्या आदल्या दिवशी त्यांना ताप आला. फुप्फुसं भरली होती. विमानाचं नाव काढू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्या अवस्थेत आमची एक सोय असते. बरं होण्याची आशा उरली नसेल तर आवडीचं काहीही चाखवायला हरकत नसते. मी पेल्यात साधं पाणी घेतलं, पावडर न घातलेलं, नळाचं, थंड. चमच्यानं त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी ते तोंडात धरून ठेवलं. मग गिळलं. ठसका लागला, थोडं माझ्या बाहीवर उडालं. मी दुसरा चमचा दिला, तिसरा दिला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "न्दो."

नेका जवळच होती. मी विचारलं. ती म्हणाली, "सॉरीसारखं आहे. पण चूक केली म्हणून म्हणत नाहीत. दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याचं काही बिघडलं, की म्हणतात." माझी बाही ओली झाली म्हणून ते म्हणाले, असं मी धरून चालते. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले असतील तर ते मला झेपणार नाही.

तीन दिवसांनी ते गेले. नेकानं पाटी काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली.

डब्लिनच्या एका चर्चमध्ये प्रार्थना झाली. एम्बसीतली माणसं काळ्या सुटात आली होती. भाषणं झाली, अमुक सालचे मंत्री, तमुक देशातले राजदूत, थोर वक्ते, भाषेवर प्रभुत्व. मी आणि नेका मागच्या बाकावर बसलो होतो. त्यांच्या कारकिर्दीची यादी मोठी होती आणि खरी होती. ती ऐकताना माझ्या मनात येत होतं, की या माणसाची शेवटच्या आठवड्यांतली सगळी भाषणं एका फाइलमध्ये आहेत, आणि त्यांवर शेरा माझा आहे. शवपेटी गावाला गेली. अंगणात, भावाशेजारी पुरलं.

मी आणखी वर्षभर नोकरी केली. प्रत्येक नव्या माणसाला पहिला प्रश्न भाषेचा विचारत असे. बहुतेक वेळा घरचे म्हणत, "इंग्लिश इज ग्रँड," आणि मी तरीही हट्टानं दुभाषी मागत असे, आणि तो बहुतेक वेळा मिळत नसे. सहकारी म्हणत, मेधा, किती दिवस स्वतःला शिक्षा देणार? शिक्षा नव्हती ती. माझा स्वतःच्या कानांवर विश्वास उरला नव्हता, आणि या धंद्यात कानाशिवाय दुसरं हत्यार नाही. मग मी सोडलं.

गेल्या वसंतात इफेओमाचा फोन आला. ड्रोहेडाला नदीकाठच्या एका कॅफेत भेटू या का, म्हणाली. ती बारीक झाली होती. मला वाटलं, ती जाब विचारायला आली आहे. खरं सांगायचं तर मी दोन वर्षं त्याचीच वाट बघत होते. मी तिला बोलू न देता सुरुवात केली. म्हटलं, "डॉक्टर, तुमची माफी मागायची राहिली आहे. ते घरी जायचं म्हणत होते आणि मी ते..."

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

मला वाटलं, नंतर कळलं असं तिला म्हणायचंय.

"नाही. पहिल्याच आठवड्यात. एवढं इग्बो मला येतं, मेधा. पाणी, भाऊ, घरी जाऊ द्या, एवढं येतं. आजीकडे सुट्टीत जायचो आम्ही." ती कपाकडे बघत सावकाश बोलत होती. "मी त्यांना बोलताना ऐकायची आणि इंग्रजीत विचारायची, डॅडी, उशी नीट करू? तिकडे कुणी नाही. घराचं अर्धं छप्पर उडालंय. जवळात जवळचं रुग्णालय चार तासांवर. आठवड्यात गेले असते. मी डॉक्टर आहे. मला वाटलं, इथं मी त्यांना ठेवू शकते. निदान हिवाळाभर. आई गेली तेव्हा मी नव्हते. मला अजून थोडे दिवस ते हवे होते."

मी माझा कप बाजूला सरकवला.

"तुम्ही भाषेचं विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. नळी त्यांनी तीन वेळा उपटली, तेव्हा मला कळत होतं. आणि मीटिंगमध्ये तुम्ही म्हणालात, ते आपली इच्छा सांगू शकत नाहीत. तेव्हा मला इतकं हायसं वाटलं, मेधा. इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं." मग म्हणाली, "तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला होतात."

आमच्या मागे दोन बायका मुलांच्या शाळेबद्दल बोलत होत्या. कॅफेतली मुलगी येऊन आणखी काही हवंय का विचारून गेली. मला इफेओमाचा राग यायला हवा होता. दोन वर्षं मी एकटीनं जे उचललं त्यात अर्धा वाटा तिचा होता. पण वाटा घेणारं माणूस मिळालं म्हणून ओझं हलकं होत नाही. ते दोघींवर तेवढंच्या तेवढं राहतं.

निघताना मी तिला सांगितलं, की आमच्या मंडळाचा दिवाळी अंक निघतो, त्यात माझ्या कामाबद्दल लिहायचं म्हणतायत. तुमच्या वडलांबद्दल लिहिलं तर चालेल का? नावं बदलेन. नाही म्हणालात तर एक शब्द लिहिणार नाही.

तिनं कोट चढवला, बटणं लावली, सगळी, खालपासून वरपर्यंत.

"सगळं लिहाल? आत्ता सांगितलं ते?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"लिहा," ती म्हणाली. "पण तुमच्या भाषेत लिहा. मला वाचता येईल असं नको."